बहिरी बहिरा नव्हे : श्येनविद्येच्या शब्दांचा मागोवा

बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना शिकरा ठाऊक नाही असे सहसा होत नाही. चिंचेच्या दाट फांदीत बसलेला तो डोळ्यांना दिसत नाही; परंतु अंगणातल्या चिमण्या एकाएकी गप्प होतात, कोंबडी पिलांना पंखांखाली घेते, आणि ओसरीवरची वडीलधारी माणसे वर न पाहताच म्हणतात, "शिकरा आला." त्याच ओसरीवर आम्ही आणखी एक नाव ऐकले होते : बहिरी ससाणा. हिवाळ्यात तळ्यावर बदके उतरली की त्यांच्यामागोमाग हा येतो, असे सांगत. त्याला बहिरी का म्हणतात, असे विचारता आमच्या एका वृद्ध आप्तांनी उत्तर दिले होते, "त्याला ऐकू येत नाही. म्हणूनच तर तो इतका बेधडक झेपावतो." हे उत्तर आम्ही कित्येक वर्षे खरे मानले, पुढच्या पिढीलाही सांगितले. ते सर्वस्वी चूक आहे, हे कळावयास आमचे केस पांढरे व्हावे लागले.

ही चूक किरकोळ वाटेल. परंतु एखादा व्यवसाय बुडाला की त्याचे शब्द पोरके होतात आणि पोरक्या शब्दांना मागाहून कोणीही वाटेल तो बाप चिकटवतो. शिकारी पक्षी पाळण्याची, त्यांना शिकवण्याची आणि त्यांच्याकरवी शिकार करण्याची विद्या आपल्या भागातून गेली. तिचे शब्द मात्र राहिले. त्या शब्दांचा खरा वंश कोणता आणि मागाहून जोडलेला कोणता, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विद्येच्या शब्दांचा हिशेब इंग्रजीत फार चोख ठेवला गेला आहे. तेथील कोशकार शब्दाचा प्रत्येक अर्थ प्रथम कोणत्या वर्षी, कोणत्या लिखाणात आढळला हे नोंदवतात. म्हणून आधी तिकडे एक फेरी मारून मग घरी परतणे सोयीचे होईल.

लंडनमध्ये आज जेथे ट्रॅफल्गार चौक आहे, तेथे चौदाव्या शतकापासून राजाचे ससाणे ठेवीत. त्या जागेला 'म्यूज' म्हणत. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'बदलणे'; फ्रेंचमध्ये त्यापासून पिसे झडून नवी येणे या अर्थाचे क्रियापद झाले. पक्षी पिसे टाकतो तेव्हा त्याला उडवीत नाहीत, बंदिस्त जागी ठेवतात. ती जागा म्हणजे म्यूज. इ. स. १५३४ मध्ये ही वास्तू जळाली. पुढे तेथे राजाचे तबेले उभे राहिले, पण नाव म्यूजच राहिले. पुढे लंडनमधल्या धनिकांच्या वाड्यांमागील तबेल्यांच्या गल्ल्यांनाही तेच नाव मिळाले. आज त्या गल्ल्यांत घोडे नाहीत, महागडी घरे आहेत. ससाणा गेला, घोडा आला. घोडा गेला, मोटार आली. शब्द मात्र उंबरठा सोडावयास तयार नाही.

असे आणखी काही शब्द आहेत. घरट्यातून उचलून वाढवलेल्या पिलाला इंग्रजी शिकारी 'आयस' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द 'निए', आणि त्याच्याही मागे घरटे या अर्थाचा लॅटिन शब्द. इंग्रजी माणसाने आरंभीचा 'न' चुकून आधीच्या अव्ययाला जोडून टाकला आणि उरला तो 'आयस'. गंमत अशी की फ्रेंचमध्ये त्याच 'निए'चा अर्थ भोळा, अजाण असा झाला, कारण घरट्यातून आणलेल्या पिलाला जग ठाऊक नसते. उलटपक्षी, पूर्ण वाढ झाल्यावर रानातून धरलेला पक्षी तो 'हॅगर्ड'. तो सहजासहजी माणसाळत नाही, नजरेत रानटीपणा राहतो. शेक्सपिअरने 'ऑथेल्लो' नाटकात हा शब्द शिकाऱ्याच्या अर्थानेच योजला आहे. आज इंग्रजीत ओढलेल्या, खंगलेल्या चेहऱ्याला हॅगर्ड म्हणतात. त्या चेहऱ्यामागे पिंजऱ्यातला रानपक्षी आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानीही नसते. पक्षी परत बोलावण्यासाठी दोरीच्या टोकाला पिसे आणि मांस बांधून फिरवतात ती 'ल्यूर'. मोह घालणे या अर्थाचा 'अ‍ॅल्यूर' हा शब्द तिच्यातून निघाला. नर ससाण्याला 'टर्सेल' म्हणतात, कारण तो मादीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने लहान. लॅटिनमधील 'तिसरा' हा शब्द त्यात आहे.

आणि 'मस्केट'. हे चिमण्या मारणाऱ्या छोट्या शिकारी पक्ष्याच्या नराचे नाव. त्याच्या मुळाशी माशी या अर्थाचा शब्द आहे. तेच नाव पुढे बंदुकीला मिळाले. तोफांच्या एका लहान जातीला 'फाल्कनेट' म्हणजे लहान ससाणा म्हणत, दुसरीला 'सेकर' म्हणत. आणि सेकर हाही एक ससाणाच, त्याचे नाव अरबी 'सक्र' यावरून आलेले. आपल्याकडे उंटावरून डागण्याच्या हलक्या तोफेला जंबुरका म्हणत. त्यातला 'जंबूर' म्हणजे गांधीलमाशी. दुरून येऊन डसणारे शस्त्र पाहिले की माणसाला उडणारा जीव आठवतो, मग तो माणूस कोणत्याही मुलखातला असो.

येथवर सारे सुरळीत. परंतु याच इंग्रजीत काही शब्द ससाण्याच्या नावावर खोटे चढवलेले आहेत. फसवणे या अर्थाच्या 'हुडविंक' या शब्दाचा उगम ससाण्याच्या डोळ्यांवर चढवण्याच्या टोपीत आहे, असे पुष्कळ जण ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात जुन्या लिखाणात तो माणसाच्या डोळ्यांवर टोपडे ओढून त्याला आंधळे करणे या अर्थाने आढळतो. त्यासाठी ससाण्याची गरज नाही. कंटाळून जाणे या अर्थाचा 'फेड अप' हा प्रयोग पोट भरलेल्या ससाण्यावरून आला, असेही सांगतात. पण हा अर्थ लिखाणात दिसू लागतो तो ससाण्यांचा सुवर्णकाळ संपून दोन-अडीच शतके लोटल्यावर. मधल्या काळात तो कोठे दडून बसला होता, याचे उत्तर सांगणाऱ्यापाशी नसते.

यावरून एक साधा नियम हाती येतो. शब्दाची गोष्ट जितकी गोंडस, तितकी ती अधिक तपासावी. मराठीतही 'टोपी घालणे' म्हणजे फसवणे. शिकाऱ्यांच्या फारसी-उर्दू बोलीत ससाण्याच्या टोपीला 'कुलाह' म्हणत, 'टोपी'ही म्हणत. दोन्ही जुळवून 'टोपी घालणे' हा वाक्प्रचार श्येनविद्येतून आला, असे लिहून टाकण्याचा मोह आम्हांलाही झाला होता. पण तसा एकही जुना दाखला आमच्या पाहण्यात नाही. म्हणून मोह आवरला.

आता घरी येऊ. आपल्या भागात या विद्येचा जुना लेखी पुरावा शोधावयास फार दूर जावे लागत नाही. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तेथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रंथातील ज्योतिषाच्या गणितात शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ हे वर्ष आले आहे. राजाने राज्य कसे मिळवावे येथपासून स्वयंपाक, संगीत, हत्ती, घोडे, मल्ल, कोंबड्यांच्या झुंजी येथपर्यंत पाच विंशतींत शंभर प्रकरणे. आणि त्यांत एक स्वतंत्र प्रकरण 'श्येनविनोद', म्हणजे शिकारी पक्ष्यांचा खेळ. बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेसाठी हा ग्रंथ गो. के. श्रीगोंदेकर यांनी संपादून तीन भागांत सिद्ध केला. मराठीच्या इतिहासकारांना हा ग्रंथ आणखी एका कारणाने प्रिय आहे : त्यातल्या गीतांत जुन्या मराठीचे काही अंश मिळतात. ज्या गावाला आपण वचनकारांचे गाव म्हणून ओळखतो, तेथे बसवेश्वरांच्या काही दशके आधी एक राजा संस्कृतात ससाण्यांविषयी लिहीत होता आणि त्याच ग्रंथात मराठी गाणी टिपीत होता. सीमाभाग हा शब्द तेव्हा जन्मला नव्हता.

श्येन हा शब्द मात्र सोमेश्वराच्या काळीही प्राचीन होता. ऋग्वेदात श्येन सोम घेऊन येतो. यज्ञाची चिती श्येनाच्या आकाराची रचीत. शिबी राजाच्या कथेत कबुतरामागे येतो तोही श्येनच. इराणी भाषांत याची सख्खी बहीण आहे. अवेस्तातील 'सएन' हा पक्षी पुढे फारसी 'सीमुर्ग' या नावाच्या पहिल्या अक्षरात उरला. शाहनाम्यात वीरांना साहाय्य करणारा सीमुर्ग आणि आपल्या यज्ञातला श्येन हे नावाने एकाच कुळातले आहेत.

तथापि मराठी माणसाच्या तोंडी श्येन राहिला नाही, राहिला तो ससाणा. हा शब्द संस्कृत 'शशादन' यापासून आला : शश म्हणजे ससा, अदन म्हणजे खाणारा. अमरकोशात श्येनाच्या पर्यायांत शशादन आहे. शशादन झिजत झिजत ससाणा झाला आणि त्याच्या पोटात ससा तसाच राहिला. येथे सांगितलेली गोष्ट आणि खरी व्युत्पत्ती एकच आहेत. असे क्वचितच घडते, म्हणून त्याचा आनंद अधिक.

आपल्या शेजाऱ्यांच्या भाषेतही या पक्ष्याला जुनी नावे आहेत. कन्नडमध्ये ससाण्याला 'गिडुग' म्हणतात, 'डेगे' म्हणतात; डेगेचा भाऊबंद तेलुगूतही आहे. तिसरे नाव सर्वांत मानाचे : 'साळुव'. कन्नड कोशांत साळुव म्हणजे शिकारीसाठी वापरावयाचा ससाणा. हेच नाव एका राजघराण्याने धारण केले. विजयनगरचा साळुव नरसिंह इ. स. १४८५ मध्ये गादीवर आला. त्याच्या घराण्याचे मूळ परंपरा कल्याणच्या प्रांतात सांगते. त्याच्याही दोनशे वर्षे आधी देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा एक सेनानी होता, साळुव टिक्कम, त्याने इ. स. १२७६ मध्ये होयसळांच्या द्वारसमुद्रावर स्वारी केली. ज्या यादवांना आपण मराठीचे आश्रयदाते मानतो, त्यांच्या सेनानीच्या नावापुढे ससाण्याचे बिरुद आहे आणि ते बिरुद कन्नड आहे. यात कोणाचा मान जातो असे आम्हांस वाटत नाही. शेजाऱ्याचा शब्द अंगावर घालावा इतकी ती दोन घरे जवळ होती, एवढाच त्याचा अर्थ.

यानंतर फारसीची लाट आली. इ. स. १३४७ मध्ये गुलबर्ग्यास बहमनी राज्य स्थापन झाले. पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अहमदशहाने राजधानी बिदरला नेली. त्याविषयीची कथा शिकारीचीच आहे. फिरिश्ता सांगतो की शिकारीत पाठलाग होत असलेला एक कोल्हा उलटून शिकारी कुत्र्यावर धावला. तेव्हा सुलतानाने ताडले की या मातीत काही वेगळे पाणी आहे. हीच कथा सशाच्या नावाने विजयनगरविषयी आणि अहमदाबादविषयीही सांगतात, तेव्हा तिच्यावर किती भार टाकावयाचा हे वाचकांनी ठरवावे. पण शिकार हा राजदरबाराचा नित्याचा विषय होता, एवढे ती नक्की सांगते.

या दरबारांबरोबर पक्ष्यांची एक नवी नावावळी दक्षिणेत रुळली. शिकाऱ्यांच्या जमातीचा मुख्य तो मीर शिकार, बाज सांभाळणारा तो बाजदार, हातावर चढवावयाचा चामडी मोजा तो दस्ताना. पक्ष्यांची नावे तर अशी की त्यांत नर कोणता, मादी कोणती, हे नावावरूनच कळावे. 'बाज' म्हणजे मादी, तिचा नर 'जुर्रा'. 'बाशा' मादी, तिचा नर 'बाशीन'. 'लग्गड' मादी, नर 'जग्गर'. 'तुरमती' मादी, नर 'चेटवा'. आणि आपला ओळखीचा 'शिकरा' हीसुद्धा शिकाऱ्यांच्या बोलीत मादीच. तिचा नर 'चिपक'. शिकारी पक्ष्यांत मादी थोर आणि बळकट असते, म्हणून मुख्य नाव तिचे. इंग्रजीने नराला 'तिसरा हिस्सा कमी' म्हणून हिणवले, आपल्या शिकाऱ्यांनी त्याला निदान स्वतःचे नाव दिले. मराठीने मात्र शिकरा हा शब्द आकारान्त पाहून पुल्लिंगी करून टाकला. 'तो शिकरा' म्हणताना आपण व्याकरणाच्या बाजूने असतो, बाजदाराच्या नव्हे. शिकरा आणि शिकार हे दोन्ही फारसीतून आलेले, एकाच कुळातले.

आता तो बहिरी. मराठीत तीन बहिरी एकत्र नांदतात. पहिली ती बहिरी, जिला ऐकू येत नाही. दुसरा बहिरी देव, म्हणजे भैरव. कर्जतजवळच्या कड्यातला ढाकचा बहिरी अनेकांना ठाऊक असेल. तिसरा हा ससाणा. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ससाण्याचा बहिरी अरबी 'बहर' या शब्दापासून आला आणि बहर म्हणजे समुद्र. बहरी म्हणजे समुद्राचा, समुद्राकडून येणारा. अबुल फज्लच्या 'आईने अकबरी'त शिकारी पक्ष्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात बहरीचे नाव आहे. हा पक्षी उत्तरेच्या अतिशीत प्रदेशांत वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरून समुद्रकिनारे, खाड्या, मोठी तळी धरून राहतो. पाणपक्षी हे त्याचे आवडते भक्ष्य. किनाऱ्यावर भेटणारा म्हणून तो समुद्राचा. दक्खनच्या पठारावर, समुद्रापासून शेकडो मैल आत, बहर शब्दाचा अर्थ हरवला आणि ध्वनी तेवढा उरला. मग लोकांनी त्याला आपल्या ओळखीचा अर्थ दिला. बिचारा पक्षी विनाकारण बहिरा ठरला.

युरोपीय विद्वानांनी याच पक्ष्याला लॅटिन नाव दिले 'पेरेग्रिनस', म्हणजे परमुलखातून आलेला, प्रवासी. तिकडच्या शिकाऱ्यांना तो घरट्यात नव्हे, प्रवासात असताना सापडे. एकाने म्हटले समुद्राकडचा, दुसऱ्याने म्हटले परदेशचा. दोघांनी पाहिले ते एकच : हा येथला नाही, दुरून आला आहे. त्याचाच एक भाऊबंद मात्र भारतातच राहतो, येथल्याच कड्यांवर घरटे करतो. त्याला शाहीन म्हणतात आणि हे नाव 'शाह' या शब्दाशी जोडतात. दुरून आलेला बहिरी आणि येथे घर केलेला शाहीन, शास्त्राच्या दृष्टीने ही एकच जात. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी या भागात येऊन घरे केलेल्या आपल्यासारख्यांना त्यात थोडे आपले चित्र दिसले, तर ते क्षम्य मानावे.

बिदरकरांना बाज आणखी एका ठिकाणी भेटतो. नानक झिऱ्याच्या गुरुद्वाराशी परिचय असलेल्यांनी गुरू गोविंदसिंहांचे चित्र पाहिलेच असेल. त्यांच्या हातावर बाज असतो आणि शीख परंपरा त्यांना 'बाजांवाले' म्हणते. पंचप्यारांपैकी भाई साहिबसिंह हे बिदरचे, आणि गुरूंनी देह ठेवला तो जवळच नांदेडला, इ. स. १७०८ मध्ये. बाजदार गेले, तरी चित्रातला बाज भाविकांच्या नजरेत जिवंत आहे.

मराठी राज्यातही या व्यवहाराला जागा होती. शिवकालीन अठरा कारखान्यांची जी यादी सांगितली जाते, तीत पीलखाना, तोफखाना, जामदारखाना यांच्या जोडीने शिकारखाना आहे. नावे सारी फारसी वळणाची. म्हणूनच छत्रपतींनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून तेराशेहून अधिक शब्दांना संस्कृत पर्याय योजवले. तो प्रयत्न थोर होता. पण खाना, दार, नीस हे प्रत्यय आपल्या जिभेवरून आणि आडनावांतून गेले नाहीत. शिकारखान्याचे पुढे काय झाले हे पुण्यात पाहावे. सवाई माधवरावांना प्राण्यांची आवड. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. तेथे शिकारीची सामग्री नव्हे, तर पाहण्यासाठी पाळलेली जनावरे असत. लंडनमध्ये ससाण्यांच्या घराचा तबेला झाला, पुण्यात शिकारीच्या कारखान्याचे प्राणिसंग्रहालय झाले. शब्दांची चाल सर्वत्र सारखीच.

गोंडस व्युत्पत्तींचा मोह आपल्याकडे काही कमी नाही. बिदर हे विदुराचे नगर, असे आपण ऐकत आलो. पण कन्नडमध्ये 'बिदिरु' म्हणजे बांबू, आणि गावाचे नाव त्याच्याशी जोडणे अभ्यासकांना अधिक सयुक्तिक वाटते. गुलबर्गा म्हणजे फारसीत फुले आणि पाने, ही कल्पना मोहक आहे. पण कलबुर्गी हे जुने कन्नड नाव दगडाळ भूमीकडे बोट दाखवते. २०१४ मध्ये तेच नाव पुन्हा अधिकृत झाले. बहमनी राज्याला ते नाव गंगू नामक ब्राह्मणावरून मिळाले, ही फिरिश्त्याची कथा आपल्या घरांतून विशेष आवडीने सांगतात, कारण तिच्यात आपला वाटा आहे. परंतु ते सुलतान स्वतःला शाहनाम्यातील बहमनाचे वंशज म्हणवीत. या प्रत्येक कथेमागे एक इच्छा आहे : गाव आपल्या पुराणात बसावे, आपल्या बागेत बसावे, आपल्या पंक्तीत बसावे. कथा टाकून देऊ नयेत. त्या सांगणाऱ्याचे मन दाखवतात. पण तिचे नाव कथा असावे, इतिहास नसावे.

आपले शब्द दूरवर गेले, याचाही उल्लेख व्हावा. शिकरा हा शब्द आज इंग्रजीत जसाच्या तसा आहे. लग्गड इंग्रजीत 'लॅगर' झाला, तर त्याच पक्ष्याच्या लॅटिन नावात 'जगर' आहे. म्हणजे मादी इंग्रजांकडे गेली आणि नर शास्त्रज्ञांकडे. तुरमतीच्या लॅटिन नावात 'चिकेरा' असा शब्द आहे, तो आपल्या शिकऱ्याचाच अपभ्रंश, भलत्या पक्ष्याला चिकटलेला. भारतीय पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिणारे डॉ. जर्डन हे मद्रासच्या फौजेतले वैद्य. त्यांची काही वर्षे आपल्या शेजारच्या जालन्याच्या छावणीत गेली. त्यांच्या १८६२ पासून निघालेल्या ग्रंथात नर-मादींची ही देशी नावे टिपलेली आहेत. हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये केली. तेव्हा बिदर आणि गुलबर्गा ही त्याच संस्थानाची अंगे होती. आणखी एक शब्द तर सातासमुद्रापार गेला : 'बालछत्री'. जाळीच्या लहान पिंजऱ्यात आमिषाचा पक्षी किंवा उंदीर ठेवावयाचा आणि वरून फासे लावावयाचे. शिकरा झडप घालतो आणि बोटे फाशात अडकतात. आपल्याकडे हे फासे घोड्याच्या केसांचे असत. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये या युक्तीवर लेख लिहिला आणि नाव तेच ठेवले. आज जगभर ससाण्यांच्या पायांत खुणेची कडी घालण्यासाठी त्यांना धरतात, ते बालछत्रीने.

ही बालछत्री लावणारे हात कोणाचे होते? पोथ्या राजांनी लिहिल्या, कोश पंडितांनी रचले. पण पक्षी कोठे बसतो, केव्हा उतरतो, कोणता दाणा टाकला की लावे येतात, हे ज्ञान पारधी, फासेपारधी, हरणशिकारी यांसारख्या जमातींपाशी होते. १८७१ च्या कायद्याने देशातील अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची प्रथा ब्रिटिश सरकारने पाडली आणि पारध्यांसारख्या शिकारी जमातीही तिच्या फेऱ्यातून सुटल्या नाहीत. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून पुसला जावयास अजून वेळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी धरणे आणि पाळणे बंद झाले. पक्ष्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले, त्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु कायद्याने पक्षी वाचतो, शब्द वाचत नाही. युनेस्कोने ससाण्यांची ही विद्या २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. २०२१ पर्यंत त्या नोंदीत चोवीस देश सामील झाले, त्यांत भारत नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. आमच्या तरुणपणी गावात एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांनी लहानपणी एका शिकाऱ्याला हातावर शिकरा घेऊन लाव्यांच्या मागे जाताना पाहिले होते. पायातल्या दोरीला, गळ्यातल्या घुंगराला, पक्षी सोडताना घालावयाच्या सादेला, प्रत्येकाला वेगळा शब्द होता, आणि ते ते शब्द उच्चारून दाखवीत. आम्ही ऐकले, हसलो आणि चहा संपताच उठलो. एकही शब्द लिहून घेतला नाही. ते गेले, आणि त्यांच्याबरोबर कदाचित या पट्ट्यातली ती शेवटची नावावळीही गेली. ते शब्द मराठी होते, कन्नड होते की दखनी, हेही आज आम्हांस सांगता येत नाही. आप्तवृद्धांनी दिलेले चुकीचे उत्तर जपून ठेवले आणि या गृहस्थांनी दिलेले खरे शब्द सांडून टाकले, हा आमचा दोष आम्ही लपवीत नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांस आमची विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या वाड्यांत मोडी कागदांचे रुमाल अजून माळ्यावर आहेत. ते रद्दीत जाण्यापूर्वी कोणा जाणत्याकडून एकदा वाचून घ्यावेत. शिकारखाना, बाजदार, बहिरी, तुरमती असा एखादा शब्द, एखाद्या बाजाच्या खुराकाची नोंद, एखाद्या मीर शिकाराचे इनाम त्यात दडलेले असू शकेल. आणि घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल, तर पक्ष्यांची नावे विचारून घ्यावीत. शब्द लिहिताना तो कोणी सांगितला, कोणत्या गावी, कोणत्या भाषेत, हे शेजारी लिहावे. अर्थ आपण लावण्याची घाई करू नये. तो पुढच्यांना लावता येईल, शब्द हाती राहिला तर.

आमच्या अंगणातल्या चिंचेवर शिकरा अजून येतो. मुले त्याला इंग्रजी शाळेतल्या सवयीने 'हॉक' म्हणतात. आम्ही त्यांना शिकरा हे नाव सांगतो, मग चिपक हेही सांगतो; आणि बहिरी ससाण्याचा विषय निघाला की आता म्हणतो, त्याला चांगले ऐकू येते. तो समुद्राकडून येतो, म्हणून त्याचे नाव बहिरी.